शाळेचें दप्तर आणि घरचा कागद

जुन्या कागदांचा शोध घेणाऱ्या मंडळींस सनदा, महजर, वतनपत्रें, जमाखर्च आणि वंशावळी यांचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको. वाड्याच्या माळवदावर धूळ खात पडलेला रुमाल सोडतांना मनाची जी स्थिति होते, ती ज्याची त्यास ठाऊक. परंतु त्याच रुमालांत एखादा मोडी कित्त्याचा बंद, फाटकें प्रगतिपुस्तक, किंवा मुलास आज शाळेंत पाठवितां येत नाहीं अशा अर्थाची बापाची चिठ्ठी निघाली, तर ती आपण बाजूस सारितों. शाळेनें घरास काय कळविलें आणि घरानें शाळेस काय उत्तर दिलें, हा इतिहासाचा विषय होऊं शकतो असें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. तो तसा होतो, एवढेंच नव्हे तर त्याचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत रद्दींत जात आहेत, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. प्राथमिक शाळेंतील मुलाच्या घरास शाळेची खरी खबर कागदावरून क्वचितच कळली. ती मुलाच्या तोंडून आणि त्याच्या प्रत्यक्ष करणीवरून कळली. कागद लिहिला गेला तो बहुधा दप्तराच्या सोयीसाठीं. ज्या ज्या वेळीं हा भेद शिक्षकाच्या ध्यानांत राहिला, त्या त्या वेळीं घर शाळेच्या जवळ आलें. जेव्हां तो विसरला गेला, तेव्हां दप्तर पूर्ण असूनहि घर अंधारांत राहिलें. आम्ही छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, या शहराच्या पूर्वेस मुकुंदवाडी येथें राहतों, आणि आमची हयात अध्यापनांत गेली. त्यामुळें पुढील विवेचनांत जुन्या कागदांबरोबर आमचा स्वतःचा एक अनुभवहि येईल. तो आमच्या भूषणाचा नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवितों.

(१) गुरुगृह आणि गांवठी शाळा

आपल्या प्राचीन विद्यापद्धतींत घराचा व विद्येचा संबंध जोडलेला नसून तोडलेला दिसतो. उपनयन या शब्दाचा अर्थच जवळ नेणें असा आहे, आणि जवळ नेणें तें गुरूच्या. अर्थात् आईबापांपासून दूर. विद्या संपल्यावर जें समावर्तन होई, तें घरीं परतणें होय. मधल्या वर्षांत घरास काय कळवावें, हा प्रश्नच उद्भवत नसे. मनुस्मृतींत आचार्य आणि उपाध्याय असा भेद केला असून, उपजीविकेसाठीं वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगें शिकविणाऱ्यास उपाध्याय म्हटलें आहे व त्यास आचार्याहून खालची पायरी दिली आहे. आपल्या गांवठी शाळेचा पंतोजी हा या उपाध्यायाचा दूरचा वंशज म्हणावयास हरकत नाहीं. फरक एवढाच कीं, पूर्वीं शिष्य गुरूच्या घरीं राहून जेवी. येथें गुरु शिष्यांच्या घरच्या धान्यावर जगे.

हा फरक लहान नव्हे. देवळाच्या ओवरींत किंवा कोणाच्या ओसरीवर बसणाऱ्या पंतोजीस दरमहा कांहीं पैसे, सुगीस धान्य, सणावारीं शिधा, मुंजीस व लग्नास कांहीं मान, अशा रीतीनें वेतन मिळे. मूल गैरहजर राहिलें तर मोठ्या मुलांस पाठवून त्यास घरून उचलून आणीत. म्हणजे शाळेचा निरोप आणि घरचें कारण हीं एकाच खेपेंत एकमेकांस कळत. कोणी कोणास पत्र लिहीत नसे. लिहिण्याचें कारणच नव्हतें.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे परवचा. दिवेलागणीस मूल देवापुढें बसून पाढे, पावकी, निमकी, सवाईकी, दीडकी मोठ्यानें म्हणे. माजघरांत पोळपाटावर हात चालविणारी आई, ओसरीवर माळ ओढणारे आजोबा, कोपऱ्यांत जात्याजवळ बसलेली आजी, हीं सर्व तें ऐकत. आजीस अक्षर येत नसे, परंतु एकोणतिसाच्या पाढ्यांत नातू कोठें अडखळला हें तिला कळे, कारण तो पाढा तिनें आपल्या मुलांच्या तोंडून आधीं ऐकलेला असे. प्रगतिपुस्तक या नांवाची वस्तु निघण्याच्या कितीतरी आधीं घरास मुलाच्या प्रगतीचा रोजचा दाखला मिळत होता, आणि तो निरक्षरासहि वाचतां येत होता. या शाळांचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांतून मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें जवळजवळ सर्वस्वीं वगळलेलीं होतीं, शिक्षा कठोर होत्या, आणि शिकविणें बहुतांशीं घोकंपट्टीचें होतें. परंतु ज्या घरांचा तिच्याशीं संबंध होता, त्या घरांपासून ती शाळा लपलेली नव्हती, एवढें मान्य केलें पाहिजे.

(२) सरकारी शाळा आणि जाहीर परीक्षा

पेशवाईच्या अखेरीनंतर मुंबई सरकारनें १८२४ सालीं देशी शाळांची चौकशी आरंभिली. त्या चौकशीचे कागद रा. वि. परुळेकर यांनीं १९५१ सालीं संपादून प्रसिद्ध केले, ही गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच. १८२९ च्या सुमारास इलाख्याच्या इंग्रजी मुलुखांत सुमारें १,७०० शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास विद्यार्थी असल्याचें त्यांवरून दिसतें. अशा चौकशीमध्यें शाळा किती, मुलें किती, पंतोजीस काय मिळतें, कोणतीं पुस्तकें चालतात हें विचारलें जातें. घरास शाळेविषयीं काय वाटतें हें कोणी विचारीत नाहीं. दप्तराचा प्रश्न आणि घराचा प्रश्न भिन्न असतात, त्याचा हा पहिला पुरावा.

१८५५ सालीं शिक्षणखातें स्थापन झालें. पुढें १८६३ पासून जमीनमहसुलाच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविण्यांत आला व त्याचा एक हिस्सा शाळांकडे जाऊं लागला. शिध्याच्या जागीं कर आला. शेतकरी आतां शाळेसाठीं पैसा देत होता, परंतु तो पंतोजीच्या हातांत नव्हे तर सरकारच्या खजिन्यांत; आणि शिक्षक उत्तरदायी झाला तो डेप्युटीस, गांवास नव्हे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जें निवेदन केलें, त्यांतील मुख्य तक्रार हीच होती कीं, रयतेच्या कष्टाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेचीं मुलें प्राथमिक शिक्षणावांचून राहतात. फुल्यांनीं ही तक्रार करण्याआधीं उपायहि करून दाखविला होता. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. त्यानंतर वाढलेल्या शाळांतील मुलींची जाहीर परीक्षा १२ फेब्रुवारी १८५३ रोजीं पुण्यास झाली. तीस २३७ मुली बसल्या होत्या, आणि ती पाहण्यास सुमारें ३,००० लोक जमले होते.

या प्रसंगाकडे आम्ही या लेखापुरतें एका विशेष दृष्टीनें पाहतों. मुलींस शिकविल्यानें अनर्थ होतो, असें ज्या गांवांत घरोघर बोललें जात होतें, त्या गांवाची समजूत छापील निवेदनानें घालतां आली नसती. मुलगी उभी राहते, वाचते, हिशेब सांगते, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें व कानांनीं ऐकलें. परवचा घरापुरता होता. ही परीक्षा म्हणजे सबंध शहराचा परवचा होय.

(३) निजामी राज्यांतील नोंदवही

आमच्या मराठवाड्याची कथा याहून निराळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानांत होता. १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजीं उर्दू झाली, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठामुळें वरच्या शिक्षणाचें माध्यमहि उर्दू ठरलें. शाळांच्या पायऱ्यांस तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशीं नांवें होतीं. मुलाच्या घरीं मराठी आणि शाळेच्या दप्तरांत उर्दू, अशी स्थिति असतां घरास कागदावरून काय कळावें? वलदियत म्हणजे बापाचें नांव, सकूनत म्हणजे राहण्याचें ठिकाण, सरपरस्त म्हणजे पालक; या शब्दांच्या आड शेतकऱ्याचें घर दप्तरांत नोंदलें गेलें, परंतु तें दप्तर त्या घरास वाचतां आलें नाहीं. वर्षहि फसली. फसली सनांत ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७–४८. फसली वर्ष आजुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभीं बदलतें, हें ध्यानांत न ठेवल्यास जन्मतारखेंत एक वर्षाची चूक सहज पडते. संग्राहकांनीं अशा नोंदी उतरवितांना मूळ सन व महिना तसाच ठेवून इसवी सन शेजारीं द्यावा, अशी आमची सूचना आहे.

याच काळांत लोकांनीं स्वतःच्या वर्गणीनें शाळा काढल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ सालची. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. १९२४ च्या सुमारास खाजगी शाळा काढण्यास सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविण्यांत आली. तरीहि या शाळा टिकल्या, त्याचें कारण असें कीं, त्यांचा आधार घरांत होता. ज्या घरानें वर्गणी दिली, जागा दिली, प्रसंगीं शिक्षकास जेवूं घातलें, त्या घरास शाळा परकी वाटणें शक्य नव्हतें. म्हणून अशा शाळांच्या वर्गणीच्या पावत्या व किर्दी कोणाच्या घरीं सांपडल्यास त्या केवळ हिशेबाचे कागद समजूं नयेत.

जुन्या शाळादप्तराची किंमत समाजास एकाएकीं कशी कळते, याचें ताजें उदाहरण २०२३ चें आहे. निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध चालविला, तेव्हां शाळांचीं प्रवेश-निर्गम पुस्तकें कपाटांतून बाहेर निघालीं, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांस हांका जाऊं लागल्या. त्या मागणीच्या वादांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु ज्या वह्या वाळवीनें खाल्ल्या किंवा रद्दींत गेल्या, त्यांच्यापुढें सर्वच पक्ष सारखेच निरुपाय झाले, हें सर्वांस दिसलें.

(४) अपराधी पालक आणि विश्वस्त पालक

पालक हा शब्द पाल् धातूपासून आला. रक्षण करणारा असा त्याचा अर्थ. कायद्यानें मात्र या रक्षकाकडे आरंभीं संशयानें पाहिलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. त्यांत मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड होता. मुंबई इलाख्याच्या १९२३ व १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यांतहि हजेरीची सक्ती होती. या सक्तीचा हेतु थोर होता, आणि तीवांचून अनेक घरांतील मुलें शाळेचें तोंड पाहतीं ना. परंतु सक्तीच्या कायद्यापुढें पालक उभा राहतो तो उत्तर देणारा म्हणून. शाळेकडून घरीं कागद आला म्हणजे कांहींतरी चुकलें, ही जी भीति आजहि गरीब घरांत दिसते, तिचें मूळ आम्हांस येथें वाटतें.

उलट दिशेनें विचार करणाऱ्यांत ताराबाई मोडक यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १९४५ सालीं बोर्डी येथें काम आरंभिल्यावर, मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनेंच मुलांच्या अंगणांत जावें, हा विचार त्यांनीं आचरणांत आणिला. अंगणवाडी हा शब्द त्यांतूनच रुजला. अंगणांत शाळा भरली म्हणजे आईस निरोप पाठवावा लागत नाहीं, ती उंबऱ्यावर उभी राहून पाहतेच.

२००९ च्या बालशिक्षणहक्क कायद्यानें, जो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, पालकाचें स्थान पालटलें. सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिति असावी, तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे, आणि एकूण सभासदांपैकीं निम्म्या स्त्रिया असाव्या, असें त्यांत सांगितलें. शाळेच्या विकासाचा आराखडा याच समितीनें करावयाचा. दंड भरणारा पालक कायद्याच्या भाषेंत विश्वस्त झाला. पुढें महाराष्ट्रांत १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांत मुलाच्या नांवापुढें प्रथम आईचें, मग वडिलांचें नांव लिहिण्याचा नियम झाला. वलदियतीच्या रकान्यांत जिला जागा नव्हती, ती आतां पहिल्या ओळींत आली.

(५) मुकुंदवाडी

परंतु कायद्यांतील शब्द आणि घरांतील वस्तुस्थिति यांत अंतर असतें, आणि येथें आम्हांस स्वतःचा अनुभव सांगणें प्राप्त आहे. मुकुंदवाडी हें मुळांत शेतकऱ्यांचें खेडें. १९७० नंतर शेजारीं सिडकोची वसाहत उभी राहिली, चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामासाठीं जालना, बीड, परभणीकडील माणसें येऊन राहिलीं, आणि १९८२ सालीं औरंगाबादेस महानगरपालिका झाली. खेड्याचें शहर झालें तें मागून आलेल्या घरांनीं, आणि तीं घरें वारंवार बदलत.

आम्ही त्या सुमारास तरुण शिक्षक होतों. तिसरींतील एक मुलगा आठवड्यांतून दोन-तीन दिवस येईनासा झाला. आम्हीं त्याच्याच हातीं घरीं चिठ्ठी दिली. संस्कृताचें शिक्षण ताजें असल्यामुळें ती चांगली पल्लेदार उतरली होती: आपला पाल्य वारंवार अनुपस्थित राहत असून त्याची अध्ययनांत अधोगति होत आहे, तरी समक्ष भेटावें, अशा मजकुराची. दुसऱ्या दिवशीं पोंचवहींत अंगठा उठून आला. आम्हीं शेरा लिहिला: पालकांस कळविलें. पुन्हां दोनदां तसेंच झालें. दप्तर निर्दोष होतें. दिवाळीनंतर मुलगा येण्याचा पुरता थांबला, तेव्हां आम्ही रुळांपलीकडच्या वस्तींत त्याच्या घरीं गेलों. आई बांधकामावरून नुकतीच आली होती. आम्ही कांहीं बोलण्याच्या आधींच ती म्हणाली, "गुर्जी, तुमची चिठ्ठी म्या देव्हाऱ्यात ठिवली. पोरानं वाचून दाखविली व्हती, लई हुशार हाय म्हनून."

तिनें ती काढून आमच्या हातीं दिली. तिन्ही चिठ्ठ्या होत्या. कडांस हळद लागली होती. मुलगा दारांत खालीं पाहत उभा होता. आम्हीं त्या वेळीं काय करावयास हवें होतें, याचा विचार आम्ही पुढें अनेक वर्षें केला. केलें तें एवढेंच कीं, पोर हुशार आहेच, पण रोज येत नाहीं, असें म्हटलें आणि चिठ्ठ्या परत दिल्या. तो धाकट्या बहिणीस सांभाळण्यासाठीं घरीं राहत होता, हें आईनें तेथेंच सांगितलें. विचारलें असतें तर तिनें पहिल्याच दिवशीं सांगितलें असतें. मुलगा बहिणीस घेऊन कांहीं आठवडे वर्गांत येऊन बसला. मग कुटुंब काम शोधीत दुसरीकडे गेलें.

पोंचवहींतील तो अंगठा आम्हीं सहीसारखा वाचला, ही आमची चूक. उद्यां कोणा संशोधकाच्या हातीं ती वही लागली, तर तोहि पालकांस वेळोवेळीं कळविण्यांत आलें होतें, असाच निष्कर्ष काढील. एकाच बाजूचें दप्तर पाहून लिहिलेला इतिहास किती खोटा ठरूं शकतो, हें आम्ही या एका अंगठ्यावरून शिकलों. शाळेनें घरास कळविणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच घराचें शाळेस कळणें. २०१९ च्या दुष्काळांत याच मुकुंदवाडीच्या स्थानकावरून लहान मुलें आगगाडींत बसून शहराच्या मुख्य स्थानकावर जात व भांड्यांत पाणी भरून परत आणीत. हें वृत्तपत्रांनीं जगास दाखविलें. हजेरीपत्रकांत असल्या गोष्टीस रकाना नसतो.

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां सूचना भ्रमणध्वनीवरून जाऊं लागल्या, आणि ती रीति शाळा उघडल्यावरहि राहिली. चिठ्ठीपेक्षां हें साधन वेगवान आहे, आणि वाचतां न येणाऱ्या आईस शिक्षकाचा आवाज ऐकवितां येतो हा त्याचा मोठा गुण. परंतु घरांत एकच यंत्र असून तें बापाबरोबर कामावर जात असेल, तर निरोप पोंचला असें समजणें म्हणजे पुन्हां अंगठ्यास सही मानणेंच होय. याहून आम्हांस आशा वाटली ती २०२२ मध्यें महाराष्ट्रांत झालेल्या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांनीं. पहिलींत येणारें मूल एकेका ठिकाणीं जाऊन उड्या मारी, चित्र ओळखी, वस्तु मोजी, आणि आई शेजारीं उभी राहून पाही. मग घरीं काय करून घ्यावें हें मातांच्या गटांत बोललें जाई. कित्येक आयांस अक्षर येत नव्हतें, परंतु मूल कोठें अडलें हें त्यांस कळत होतें. आम्हांस जात्याजवळची ती आजी आठवली.

(६) संग्राहकांस विनंति

शाळेकडील वह्या कांहीं ना कांहीं नियमानें ठेविल्या जातात. घराकडील कागदांस कोणी वाली नाहीं. म्हणून आमची विनंति अशी कीं, रुमाल तपासतांना कित्ते, प्रगतिपुस्तकें, पालकांच्या चिठ्ठ्या, फीच्या व वर्गणीच्या पावत्या, पंतोजीस दिलेल्या शिध्याच्या रोजकिर्दींतील ओळी वेगळ्या काढून त्यांची टांचणें करावीं. कागद कोणत्या घरीं व कोणत्या इतर कागदांबरोबर मिळाला हें लिहून ठेवावें, कारण तो कोठें जपला होता यावरूनहि अर्थ कळतो. हयात माणसांच्या जातीच्या व जन्माच्या नोंदी मात्र प्रसिद्ध करूं नयेत. आणि जेथें अंगठा किंवा सही दिसेल, तेथें मजकूर पोंचला होता काय, हा प्रश्न समासांत अवश्य लिहावा. ज्या वृद्धांनीं परवचा ऐकला, ज्या आयांनीं पालकसभेंत मागच्या रांगेंत बसून कांहीं न बोलतां घर गांठलें, त्यांच्या आठवणीहि उतरून घ्याव्या. त्या कागदाइतक्याच नाशिवंत आहेत.

आमच्या संग्रहांत मोडी पाढ्यांचे कांहीं बंद व कांहीं जुनीं प्रगतिपुस्तकें आहेत. तीं कोणाहि अभ्यासकास पाहावयास मिळतील. त्या तीन चिठ्ठ्या आमच्याजवळ नाहींत. त्या जिच्या होत्या तिच्याचकडे राहिल्या, आणि तेंच योग्य झालें.